के (कुला शेकर या बँडचा अल्बम)

‘के’ हा कुला शेकर या ब्रिटिश ऑल्टरनेटिव्ह रॉक बँडचा पहिला अल्बम. कोलंबियाने तो १६ सप्टेंबर १९९६ रोजी प्रकाशित केला. ब्रिटपॉपच्या, म्हणजे नव्वदीतल्या ब्रिटिश गिटार-पॉपच्या लाटेच्या, ऐन भरात आलेल्या या अल्बममध्ये साठ-सत्तरच्या दशकांतल्या सायकेडेलिक रॉकची गिटार आणि हॅमंड ऑर्गन यांच्या जोडीला गौडीय वैष्णव (चैतन्य महाप्रभूंच्या) परंपरेतले संस्कृत शब्द येतात. ब्रिटनच्या अल्बम यादीत तो थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाला आणि दोन आठवडे तिथे टिकला. इलास्टिका या बँडच्या १९९५ मधल्या अल्बमनंतर कुठल्याच पदार्पणाच्या अल्बमची विक्री इतक्या वेगाने झाली नव्हती.

बँडमध्ये चौघे होते: क्रिस्पियन मिल्स (गायन, गिटार), अलोन्झा बेव्हन (बास), पॉल विंटरहार्ट (ड्रम) आणि जे डार्लिंग्टन (ऑर्गन). मिल्स हा अभिनेत्री हेली मिल्स यांचा मुलगा. १९९३ मध्ये तो भारतात फिरून आला होता. ‘द केज’ हे आधीचे नाव टाकून बँडने १९९५ मध्ये आजचे नाव घेतले, ते कुलशेखर या राजाच्या नावावरून. बारा आळवार संतांपैकी एक असलेल्या कुलशेखरांच्या नावावर ‘मुकुंदमाला’ हे संस्कृत स्तोत्र सांगितले जाते. त्याच वर्षी ‘इन द सिटी’ या नव्या बँडच्या स्पर्धेत कुला शेकर आणि प्लासिबो संयुक्त विजेते ठरले.

बहुतेक गाण्यांची निर्मिती जॉन लेकी यांची. स्टोन रोझेसचा पहिला अल्बम आणि रेडिओहेडचा ‘द बेंड्स’ ही त्यांचीच कामे. १९७० च्या सुमारास ॲबी रोड स्टुडिओत उमेदवारी करताना बीटल्समधले जॉर्ज हॅरिसन यांच्या ध्वनिमुद्रणावर त्यांनी काम केले होते. हरे कृष्ण भक्तांचे गायन ब्रिटिश रेडिओवर प्रथम पोहोचवले ते हॅरिसन यांनीच, त्यामुळे लेकी या वाटेवर नवखे नव्हते.

अल्बममध्ये तेरा गाणी आहेत. ‘हे ड्यूड’ने सुरुवात होते. ‘ग्रेटफुल व्हेन यू आर डेड / जेरी वॉज देअर’ ही ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकी रॉक बँडच्या, १९९५ मध्ये वारलेल्या जेरी गार्सिया यांना वाहिलेली आदरांजली आहे. पण अल्बमचा गाभा आहे आठव्या-नवव्या जागेवरच्या जोडीत. ‘स्लीपिंग जीवा’ हा छोटेखानी तुकडा संपतो आणि ‘तत्त्वा’ सुरू होते. ‘तत्त्वा’च्या ध्रुवपदात ‘अचिंत्य भेदाभेद’ हा सिद्धांतच घेतला आहे: जीव ईश्वराहून वेगळाही आहे आणि वेगळा नाहीही, आणि हे नाते बुद्धीच्या आवाक्यापलीकडचे आहे. चैतन्य महाप्रभूंच्या (१४८६–१५३४) परंपरेचा हा मूळ विचार. आधी निजलेला जीव, मग त्याच्या नात्याचे सूत्र. गाण्यांचा हा क्रम जाणीवपूर्वक लावलेला वाटतो, आणि संस्कृत शब्द इथे निव्वळ सजावटीसाठी आलेले नाहीत याची तो चांगली साक्ष आहे.

चौथे गाणे ‘गोविंदा’ सबंध संस्कृतात आहे. लंडनच्या हरे कृष्ण भक्तांच्या ‘राधाकृष्ण टेंपल’ या गटाचे हॅरिसननिर्मित ‘गोविंदा’ (१९७०) आणि हे गाणे यांत अनेकांची गल्लत होते. त्या गाण्यात ब्रह्मसंहितेतले श्लोक आहेत, तर कुला शेकरने ‘गोविंद जय जय’ हे नामसंकीर्तन घेतले आहे. जुने ‘गोविंदा’ ब्रिटनच्या सिंगल यादीत २३ व्या क्रमांकापर्यंत गेले होते. नवे नोव्हेंबर १९९६ मध्ये सातव्यापर्यंत पोहोचले.

भजन आणि रॉक यांचा सांधा जुळवताना खरी अडचण येते ती षड्जाची. तानपुऱ्याचा सूर जागचा हलत नाही. रॉकमध्ये मात्र कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) सतत बदलतात. प्रत्येक कॉर्डबरोबर बासही सरकला, तर मागचा षड्ज काही ठिकाणी बेसूर वाटतो, आणि मग मिश्रणात तानपुरा इतका बारीक करावा लागतो की तो ऐकूच येत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे कॉर्ड मोजक्या ठेवायच्या, बासने शक्य तिथे आधारस्वर धरायचा आणि चढउतार लयीतून, आवाजाच्या जोरातून काढायचा. संकीर्तनातही रंग चढतो तो याच रीतीने, एकच ओळ पुन्हापुन्हा आणि दरवेळी वाढत्या जोराने म्हणत. ‘गोविंदा’ जमले आहे ते या साम्यामुळे.

मुखपृष्ठ ‘वॉचमेन’ या कॉमिकचे चित्रकार डेव्ह गिबन्स यांचे. इंग्रजी के हे अक्षर ज्यांच्या नावात ठळक आहे अशा केनेडी, ख्रुश्चेव्ह, किंग काँग, लॉर्ड किचनर यांच्या गर्दीत कृष्णही आहे.

श्रोत्यांनी अल्बम उचलून धरला. ‘तत्त्वा’ चौथ्या, तर ‘हे ड्यूड’ दुसऱ्या क्रमांकावर गेले. ऑगस्ट १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थला ओएसिस या बँडच्या प्रचंड मैफलीत बँडला स्थान मिळाले आणि १९९७ मध्ये नवोदितांचे ब्रिट पारितोषिकही. समीक्षकांत मात्र दुफळी होती. गिटार-ऑर्गनचा बाज जुन्या रॉककडून जसाच्या तसा घेतला आहे, हा आक्षेप रास्तच होता; १९९७ मध्ये बँडने ‘हश’ हे डीप पर्पलमुळे गाजलेले गाणे नव्याने काढल्यावर तो आणखी पक्का झाला. सुखवस्तू घरातल्या मुलांचा अध्यात्माचा छंद, ही दुसरी टीका. ती गाण्यांपेक्षा गायकाच्या घराण्यावर होती आणि ‘तत्त्वा’मागचा विचार तपासण्याची तसदी तिने क्वचितच घेतली.

सर्वांत मोठा फटका बसला १९९७ मधल्या मुलाखतीचा. स्वस्तिक हे मुळात मंगलचिन्ह आहे, असे सांगण्याच्या भरात मिल्सने मंचावर जळती स्वस्तिके दाखवण्याची भाषा केली. नाझी अत्याचारांची आठवण ताजी असलेल्या युरोपात त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि मिल्सला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. वृत्तपत्रांतले वातावरण त्यानंतर निवळले नाही. बॉब एझ्रिन यांच्या निर्मितीचा दुसरा अल्बम मार्च १९९९ मध्ये नवव्या क्रमांकापर्यंतच गेला आणि सप्टेंबरमध्ये बँड फुटला. पुढच्या दशकात तो पुन्हा एकत्र आला. डार्लिंग्टन तोवर ओएसिसबरोबर वाजवू लागले होते. पहिल्या अल्बमला वीस वर्षे झाली तेव्हा, २०१६ मध्ये, बँडने ‘के २.०’ प्रसिद्ध केला.