स्पॅनिश वर्तमानकाळाच्या तक्त्यामागचा इतिहास

स्पॅनिश शिकायला घेतली की पहिल्याच काही तासांत एक तक्ता समोर येतो. धातूच्या शेवटी ‘आर’, ‘एर’ किंवा ‘ईर’ असतो. तो काढायचा आणि त्या जागी पुरुष-वचनाप्रमाणे सहा प्रत्यय लावायचे. कान्तार म्हणजे गाणे. तो चालतो असा: कान्तो, कान्तास, कान्ता, कान्तामोस, कान्ताइस, कान्तान. बहुतेक जण हे घोकतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. पण शाळेत ‘पठामि, पठसि, पठति’ म्हटलेल्या मराठी माणसाने इथे जरा रेंगाळावं, कारण यातले बरेच प्रत्यय त्याच्या ओळखीचे आहेत.

स्पॅनिश निघाली लॅटिनमधून. इ.स.पूर्व २१८मध्ये रोमन सैन्य इबेरियात, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या भूमीवर, उतरलं आणि त्यांच्यासोबत ही भाषा तिथे रुजली. लॅटिनमध्ये हाच धातू चालतो कान्तो, कान्तास, कान्तात, कान्तामुस, कान्तातिस, कान्तान्त असा. आता संस्कृत शेजारी ठेवा. पठसिमधला ‘स’, पठतिमधला ‘त’, पठामःमधला ‘म’ आणि विसर्ग (लॅटिनमध्ये तिथे ‘स’), पठन्तिमधला ‘न्त’, सगळे जागच्या जागी सापडतात. दोन्ही भाषा एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या. १७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं नातं मांडलं, तेव्हा त्यांनी बोट ठेवलं होतं ते क्रियापदांचे धातू आणि व्याकरणाची रूपं यांवरच.

पुढच्या शतकांत बोलणाऱ्यांच्या तोंडी शब्दांची टोकं झिजली. कान्तातचा ‘त’ गळाला, कान्तान्तचं कान्तान झालं. ‘स’ मात्र टिकला, म्हणून ‘तू’ आणि ‘तो’ यांची रूपं आजही वेगळी ऐकू येतात. स्पॅनिश माणूस ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’ हे शब्द सहज गाळतो तो याच जोरावर. कर्ता कोण ते प्रत्ययच सांगतो.

लॅटिनमध्ये धातूंचे गट होते चार, स्पॅनिशमध्ये उरले तीन. तिसरा गट मोडला. त्यातले पुष्कळ धातू ‘एर’कडे गेले आणि काही ‘ईर’कडे. ‘जगणे’ या अर्थाचा लॅटिन धातू तिसऱ्या गटातला, तो स्पॅनिशमध्ये बिबिर झाला. पोर्तुगीजमध्येही गट तीनच उरले, पण तिथे हाच धातू ‘एर’कडे गेला. गोव्यात १९६१पूर्वी शाळेत पोर्तुगीज शिकलेल्यांना त्याचं विवेर हे रूप ठाऊक असतं.

या मोडतोडीची खूण तक्त्यात स्पष्ट दिसते. कोमेर म्हणजे खाणे: कोमो, कोमेस, कोमे, कोमेन. बिबिर: बिबो, बिबेस, बिबे, बिबेन. प्रत्यय अगदी तेच. फरक पडतो फक्त ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’मध्ये: कोमेमोस पण बिबिमोस, कोमेइस पण बिबीस. कारण आघातात, म्हणजे उच्चारताना कुठल्या अक्षरावर जोर येतो त्यात आहे. पहिल्या चार रूपांत आघात धातूवर पडतो, प्रत्यय हलका उच्चारला जातो, आणि हलक्या उच्चारात ‘इ’ आणि ‘ए’ एक होऊन गेले. उरलेल्या दोन रूपांत आघात प्रत्ययावरच येतो, म्हणून तिथला स्वर शाबूत राहिला. वर्गात हे कारण दोन मिनिटांत सांगता येतं, आणि सांगितलंच पाहिजे असं मला फार वाटतं. अपवाद म्हणून पाठ केलेली गोष्ट विसरते, कारण कळलं की राहते.

‘तुम्ही’च्या रूपाचा प्रवास सगळ्यांत लांबचा. कान्तातिसचं मध्ययुगात कान्तादेस झालं. मग मधला ‘द’ही गळाला आणि कान्ताइस व कान्तास ही दोन रूपं निघाली. दुसऱ्यात आघात शेवटी. स्पेनमध्ये पहिलं टिकलं. अर्जेंटिनात आजही ‘बोस’ या सर्वनामाबरोबर दुसरं बोलतात, तेही एकाच जवळच्या माणसाला. मुळात हा बोस आदरार्थी. तो सगळ्यांसाठी वापरला जाऊन स्वस्त झाला, तेव्हा ‘आपली कृपा’ अशा अर्थाचं संबोधन पुढे आलं आणि झिजून उस्तेद झालं. ‘कृपा’ ही तृतीयपुरुषी, म्हणून उस्तेदबरोबर क्रियापद ‘तो’चं येतं.

हे सगळं तक्त्यात बसवलं स्पॅनिश विद्वान आन्तोनियो दे नेब्रिखा यांनी. त्यांचं कास्तीयन, म्हणजे स्पॅनिश भाषेचं व्याकरण १४९२च्या ऑगस्टमध्ये सालामान्कात छापून झालं. आधुनिक युरोपीय भाषेचं हे पहिलं छापील व्याकरण. कोलंबसची जहाजं निघाली तीही त्याच महिन्यात. आपल्याच बोलीच्या व्याकरणाचा उपयोग काय, असं राणी इसाबेलने विचारल्याचं नेब्रिखा प्रस्तावनेत लिहितात. जिंकलेल्या लोकांना विजेत्यांचे कायदे आणि भाषा शिकावी लागेल, असं उत्तर आविलाच्या बिशपने दिलं. यामागची सत्तेची भूक लपत नाही. पण त्याच प्रस्तावनेत बास्क, फ्रेंच, इटालियन अशा स्पेनशी व्यवहार असणाऱ्यांचाही उल्लेख आहे, आणि ग्रंथाचा पाचवा भाग खास परभाषिकांसाठी लिहिलेला आहे. क्रियापदं चालवून दाखवली आहेत ती तिथेच. म्हणजे पुण्यात बसून आज आपण जो तक्ता गिरवतो, तो पहिल्यापासून बाहेरच्यांसाठीच आखलेला होता.

तीन गटांतला ‘आर’ सर्वांत मोठा आणि आजही वाढता. नवा धातू आला की जवळजवळ नेहमी तिथेच जातो. इंटरनेटवरच्या गप्पांसाठी चातेआर आला आणि पहिल्या दिवसापासून चातेओ, चातेआस, चातेआ असा बिनचूक चालू लागला.