डीएनएस पसरत नाही, जुनं उत्तर शिळं होतं

गोव्यात मांद्र्याला माझी मावसबहीण तीन खोल्यांचा होमस्टे चालवते. सीझन सुरू व्हायच्या आधी तिनं आपल्या डोमेनचा ई-मेल जुन्या होस्टिंगवरून एका वेबमेल सेवेकडे नेला. शनिवारी दुपारी १२ वाजता बदल केला आणि दोनच्या सुमारास तिचा फोन आला. "दादा, पुण्याच्या पाहुण्यांचा मेल नव्या खात्यात आला, पण बंगळुरूवाल्यांचा आलाच नाही. ते शपथेवर सांगतात, पाठवलाय म्हणून." डोमेन विकणाऱ्यानं तिला बजावलं होतं, "४८ तास थांबा, डीएनएस जगभर पसरायला वेळ लागतो." डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावावरून त्याचा सर्व्हर शोधून देणारी इंटरनेटची यंत्रणा. शेजारच्यांनी तर अमावास्येला कशाला हात लावलास, असंही ऐकवलं.

अमावास्येचं आधी निकालात काढतो. सर्व्हर पंचांग बघून चालत नाहीत, आणि ज्या गोष्टीचं कारण एका आकड्यात दिसतं तिचा दोष तिथीवर ढकलायची सवय आपण सोडायलाच हवी. 'पसरण्या'ची समजूत मात्र शिकल्यासवरल्या माणसांतही पक्की आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

मेल पाठवला की पाठवणाऱ्याचा सर्व्हर पत्त्यातल्या ॲट चिन्हानंतरचं नाव उचलतो आणि विचारतो, या डोमेनचे मेल कोण घेतं? उत्तर असतं एमएक्स नोंदीत. ही सोय १९८६ सालची. पत्ता एकीकडे आणि पेटी दुसरीकडे ठेवता येते ती हिच्यामुळे. आपलं डोमेन वेबमेलला जोडायचं म्हणजे मुख्यतः ही नोंद बदलायची.

पण हा प्रश्न दर वेळी थेट आपल्या डोमेनच्या नेमसर्व्हरपर्यंत, म्हणजे या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरपर्यंत, जात नाही. मध्ये रिझॉल्व्हर असतो, म्हणजे आपल्या वतीनं उत्तर शोधून आणणारा सर्व्हर. तो एकदा मुळापासून विचारत येतो, आधी रूट सर्व्हरला, मग डॉट इनवाल्याला, मग आपल्या नेमसर्व्हरला, आणि मिळालेलं उत्तर स्वतःजवळ ठेवून देतो. आपल्याकडे वाड्यावर नवखा माणूस आला की पोसऱ्यावर, म्हणजे दुकानावर, घर विचारतो. ते कुटुंब कालच दुसरीकडे राहायला गेलं असेल, तर पोसरकार प्रामाणिकपणे जुनंच घर दाखवील. रिझॉल्व्हरचं तसंच आहे. फरक एवढाच, की त्याच्याजवळच्या प्रत्येक उत्तरावर मुदत लिहिलेली असते. तिला टीटीएल म्हणतात आणि ती सेकंदांत मोजतात. मुदत संपली की उत्तर टाकून द्यायचं आणि नव्यानं विचारायचं. नवी नोंद दारोदार पोचवणारं कुणीही नाही.

एके काळी मात्र ती खरोखरच पसरायची. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली, त्याआधी सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये असत. ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे आणि जो तो तिची प्रत उतरवून घेई. पद्धत गेली, समजूत राहिली.

बहिणीच्या एमएक्स नोंदीचा टीटीएल होता १४४००, म्हणजे ४ तास. ज्या रिझॉल्व्हरनं ११ वाजून ५० मिनिटांनी विचारलं, तो ३ वाजून ५० मिनिटांपर्यंत जुनाच पत्ता देणार. ज्यानं १२ वाजून ५ मिनिटांनी पहिल्यांदा विचारलं, त्याला लगेच नवा मिळणार. पुणे आणि बंगळुरू यांतला फरक तो हाच. मी माझ्या संगणकावर डिग ही आज्ञा चालवून आमच्या इंटरनेटवाल्याच्या रिझॉल्व्हरला विचारलं. जुन्याच सर्व्हरचं नाव आलं आणि शेजारी आकडा होता ५६१२. पंधरा सेकंदांनी पुन्हा विचारलं, तर ५५९७. जुनं उत्तर सेकंदासेकंदानं संपताना दिसतं तेव्हा मला अजूनही भारी वाटतं.

म्हणून बदलाच्या आदल्या दिवशी टीटीएल ३०० वर आणून ठेवा. जुन्या मुदतीची उत्तरं संपली, की पुढचा बदल पाच मिनिटांत लागू होतो. आणखी एक गंमत म्हणजे 'अशी नोंद नाही' हे उत्तरही रिझॉल्व्हर काही काळ लक्षात ठेवतो. नोंद घालायच्या आधीच 'आली का, आली का' म्हणून तपासत बसणारा माणूस स्वतःचाच उशीर वाढवतो.

४८ तासांचा आकडा मात्र हवेतून आलेला नाही. डॉट कॉमच्या सर्व्हरवर कुठल्याही डोमेनचे नेमसर्व्हर सांगणाऱ्या नोंदींची मुदत १७२८०० सेकंद असते, म्हणजे बरोबर दोन दिवस. तुम्ही नेमसर्व्हरच बदललात तर ती लागू पडते. नुसती एमएक्स बदलणाऱ्याला ती सांगणं चूक आहे.

जुन्या एमएक्स नोंदी पुसायला विसरू नका. प्रत्येक नोंदीला एक अंक असतो आणि लहान अंकाला आधी मान. जुनी १० वर आणि नवी २० वर राहिली, तर मेल जुनीकडेच जात राहतील.

हे झालं येणाऱ्या मेलचं. जाणाऱ्यासाठी डोमेनच्या टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर ठेवायच्या, नोंदींत दोन गोष्टी लागतात. एसपीएफ म्हणजे आपल्या नावानं मेल पाठवायची मुभा असलेल्या सर्व्हरांची यादी. ती एकच असावी, दोन केल्या तर दोन्ही निकामी. डीकेआयएम म्हणजे सही: पाठवणारा सर्व्हर मजकुराचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला छोटा ठसा, खाजगी किल्लीनं सही करून जोडतो आणि घेणारा डीएनएसमधली सार्वजनिक किल्ली काढून ती पडताळतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी हे नियम कडक केले, त्यामुळे ही पायरी वगळली की मेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यता बरीच वाढते. 'इनबॉक्सची हमी' असली पॅकेजं विकणाऱ्यांना पैसे देण्याआधी या दोन नोंदी तपासा.

बंगळुरूवाल्यांचा मेल हरवला नव्हता. जुनी पेटी उघडायला सांगितली, तर त्यात तो होताच. बंद करू नकोस, आठवडाभर राहू दे, असं मी तिला सांगितलं. पुढच्या शनिवारी तिनं पाहिलं, तर त्या पेटीतला शेवटचा मेल बदलाच्याच दिवशी दुपारी ३ वाजून ४१ मिनिटांनी आलेला होता.