मुखवट्यामागची तीस वर्षं: रने ओबेर्झोनवा यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

विज्ञानकथेच्या मालिकेत परग्रहवासी दिसला की प्रेक्षक आधी रबराकडे बघतो, मग नटाकडे. मराठवाड्यातल्या एखाद्या हौशी संघाने एकांकिकेत असं पात्र आणायचं ठरवलं, तरी तालमीतला पहिला प्रश्न बहुधा ‘तोंडाला काय लावायचं’ हाच असतो. तो प्रश्न खरं तर कितव्या नंबरावर यायला हवा, हे रने ओबेर्झोनवा (१९४०–२०१९) या अमेरिकन नटाची कारकीर्द पाहिली की कळतं. ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या अंतराळमालिकेतला परग्रहवासी सुरक्षाप्रमुख ओडो ही त्यांची जगभरची ओळख. पण ओडोचा मुखवटा चेहऱ्यावर चढला तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते आणि गाठीशी तीस वर्षांची रंगभूमी होती.

त्यांचा जन्म न्यूयॉर्कचा. पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून, म्हणजे आजच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून, १९६२ साली नाट्यशिक्षण संपवल्यावर त्यांनी ब्रॉडवेचा रस्ता धरला नाही. ते वॉशिंग्टनच्या अरिना स्टेजमध्ये दाखल झाले. पूर्वी अमेरिकेत व्यावसायिक नाटक म्हणजे न्यूयॉर्क आणि तिथून निघणारे दौरे, एवढंच समीकरण होतं. १९५० साली सुरू झालेल्या अरिना स्टेजसारख्या संस्थांनी ते मोडलं आणि साठच्या दशकात शहरोशहरी कायम नटसंच असलेल्या नाट्यसंस्था उभ्या राहिल्या. नट हंगामभर संस्थेचा. आज मोलिएर, उद्या शेक्सपिअर, परवा एखादं नवं नाटक. एका नाटकात नायक झालेला नट दुसऱ्यात चार ओळींचा नोकर होई आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. विल्यम बॉल यांनी १९६५ साली काढलेलं अमेरिकन कॉन्झर्व्हेटरी थिएटर १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्थिरावलं. त्याच्या उभारणीत ओबेर्झोनवा होते आणि मोलिएरच्या नाटकातला तिथला त्यांचा तार्त्युफ गाजला. लॉस एंजेलिसचं मार्क टेपर फोरम आणि न्यूयॉर्कमधली ब्रुकलिन अकॅडमीची नाटक कंपनी यांच्या सुरुवातीच्या नटसंचांतही ते होते.

चरित्र अभिनेता घडतो तो अशा व्यवस्थेत. आपल्याकडची तुलना इथे टाळता येत नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत नाटकाचा एकच प्रयोग होतो. दोन-तीन महिने तालीम, एक संध्याकाळ, मग निकाल. अंतिम फेरीत गेलं तर आणखी एक संध्याकाळ. तालीम भरपूर होते, पण प्रयोगाची आवर्तनं होत नाहीत. कोणत्या ओळीला प्रेक्षक हसतो, त्या हशानंतर किती थांबायचं, दुसऱ्या अंकात दम कुठे संपतो, ही उत्तरं दहाव्या-पंधराव्या प्रयोगाच्या पुढे मिळू लागतात. औरंगाबादहून निघालेल्या ‘जिगीषा’सारख्या संघाला मुंबई गाठावी लागली त्याचं एक कारण हेही आहे. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून बाहेर पडलेल्या मुलालाही हंगामभर सांभाळणारी नाटक कंपनी आपल्याकडे नाही. स्पर्धा संपली की पुढचं स्टेशन थेट मालिकेची ऑडिशन.

ब्रॉडवेवर ओबेर्झोनवा १९६८ साली आले, तेही ‘किंग लिअर’मधला विदूषक म्हणून. लिअर होते ली जे. कॉब. पुढे ‘कोको’ या संगीतिकेत कॅथरिन हेपबर्न यांच्यासोबत काम करताना त्यांना ब्रॉडवेवरचा मानाचा टोनी पुरस्कार १९७० साली मिळाला. त्यानंतर आणखी तीन नामांकनं आली: ‘द गुड डॉक्टर’, ‘बिग रिव्हर’ आणि ‘सिटी ऑफ एंजल्स’. चारही सन्मान सहायक भूमिकांसाठीचे. नायकपद त्यांच्याकडे क्वचितच आलं. त्यांच्या बाबतीत ही उणीव नव्हती, तेच त्यांचं क्षेत्र होतं.

सिनेमात रॉबर्ट ऑल्टमन यांनी त्यांना ‘मॅश’ (१९७०) मध्ये फादर मुल्काही केलं. दूरचित्रवाणीवर ‘बेन्सन’ या विनोदी मालिकेत १९८० ते १९८६ अशी सहा वर्षं ते क्लेटन एंडिकॉट हा आढ्यतेखोर सरकारी अधिकारी साकारत होते. या भूमिकेचा उल्लेख बहुतेक लेखांत एका ओळीत उरकला जातो. पण ओडोचा ताठ कणा, तुसडेपणा, नियमावर बोट ठेवण्याची हौस यांची पहिली बैठक तिथेच दिसते.

‘स्टार ट्रेक’शी त्यांचा पहिला संबंध १९९१ च्या सहाव्या चित्रपटातला. भूमिका कर्नल वेस्टची. शेवटी परग्रहवासी मारेकऱ्याचा मुखवटा ओढला जातो आणि आत हा माणूस निघतो. चित्रपटगृहातल्या प्रतीतून त्यांची दृश्यं कापली गेली, घरगुती व्हिडिओत परत आली. ‘डीप स्पेस नाइन’ सुरू झाली जानेवारी १९९३ मध्ये आणि जून १९९९ पर्यंत सात पर्व चालली.

ओडो हा रूप पालटणारा जीव. मूळ अवस्था द्रवाची. विश्रांतीसाठी बादलीत उतरतो. खुर्ची, उंदीर, धुकं काहीही होऊ शकतो, पण माणसाचा चेहरा त्याला नीट जमत नाही. म्हणून कपाळ गुळगुळीत, कान अर्धवट, भुवया नाहीत. मालिकेचे रंगभूषाप्रमुख मायकेल वेस्टमोर यांनी पायलट भागानंतर मुखवटा बदलून आणखी सपाट केला. नटाच्या दृष्टीने ही अडचणीची अट आहे. याच मालिकेतल्या परग्रहवासी वंशांपैकी क्लिंगॉनला कपाळावर कंगोरे असतात, फेरेंगीला अवाढव्य कान असतात. मुखवटा स्वतःच थोडं बोलतो. ओडोचा चेहरा काहीच बोलत नाही.

मुखवटा होता फोम लेटेक्सचा. अमोनिया घातलेला रबराचा चीक, फेस आणणारा साबणी घटक आणि गंधकयुक्त घटक एकत्र फेटतात, शेवटी घट्ट करणारं द्रावण घालतात, मिश्रण साच्यात भरून ओव्हनमध्ये काही तास भाजतात. तुकडा हलका आणि लवचीक निघतो, कडा कागदाहून पातळ असतात. गोंदाने चिकटवलेल्या या कडा काढताना फाटतात, म्हणून चित्रीकरणाच्या प्रत्येक दिवसाला नवा तुकडा लागतो.

तो चढला की नटाचं नेमकं काय जातं? कपाळाची आठी जाते, भुवई जाते, गालाची सूक्ष्म हालचाल रबर गिळून टाकतं. कान झाकले तर समोरच्याचे शब्द बोथट ऐकू येतात आणि स्वतःचा आवाज डोक्यात मोठा वाटतो, त्यामुळे नट नकळत हळू बोलू लागतो. उरतात ते डोळे, मान, खांदे, श्वास आणि आवाज. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत, आहार्य (वेषभूषा-रंगभूषा) एवढं वाढलं की आंगिकाचा (शरीराच्या अभिनयाचा) चेहऱ्याचा वाटा संपतो आणि सगळा भार वाचिकावर (आवाजावर) आणि उरलेल्या शरीरावर येतो. ओबेर्झोनवा यांनी हेच केलं. ओडोचा आवाज घशातून घासत येणारा, खरखरीत; चाल ताठ, हात शरीराजवळ. मान वळते ती थोडी उशिरा, पण एकदम. किरा या सहकारी अधिकारी स्त्रीवरचं प्रेम तो वर्षानुवर्षं बोलत नाही, आणि ते आपल्याला कळतं ते नजर हटवण्याच्या वेळेवरून. मोठ्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत शरीराने पोहोचायची सवय असलेल्या नटाने ती सवय छोट्या पडद्याच्या मापात आवरून वापरली. आवरणं हा भाग महत्त्वाचा. मुखवट्यातला नवखा नट चेहरा दिसत नाही म्हणून सगळंच मोठं करतो आणि पात्राचं बुजगावणं होतं.

ते एकटे नव्हते. त्याच मालिकेचे नायक एव्हरी ब्रुक्स हे रटगर्स विद्यापीठात नाट्यविषयाचे प्राध्यापक होते. क्वार्क हा फेरेंगी करणारे आर्मिन शिमरमन रंगभूमीचे. जेफ्री कोम्ब्स यांनी वेयून आणि ब्रंट ही दोन वेगळ्या वंशांची पात्रं केली आणि १९९९ च्या एका भागात दोन्ही एकत्रच वठवली. विज्ञानकथेला रंगभूमीचे नट लागतात याचं कारण प्रतिष्ठेत शोधू नये. ज्या जगाचा ठोकळाही सेटवर नाही, त्या जगावर विश्वास ठेवून जडजंबाळ वाक्यं सरळ चेहऱ्याने बोलणं हे रंगमंचावर रोजचं काम आहे. ओबेर्झोनवा यांनी मालिकेचे आठ भाग दिग्दर्शितही केले. नंतर ‘बोस्टन लीगल’मध्ये (२००४–२००८) ते पुन्हा उघड्या चेहऱ्याने वकील झाले. ८ डिसेंबर २०१९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्याकडेही तोच कल दिसतो. १९८९ च्या ‘इंद्रधनुष’मध्ये गिरीश कर्नाड होते, १९९८ च्या ‘कॅप्टन व्योम’मध्ये विश्वप्रमुख होते टॉम ऑल्टर. दोघेही रंगभूमीशी कायम बांधलेले. मराठीत विज्ञानकथा भरपूर लिहिली गेली, मालिका मात्र फारशा झाल्या नाहीत. सोंगाची परंपरा मराठवाड्याला नवी नाही. पैठणच्या एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, जोशी, भुत्या अशी पात्रं उभी राहतात ती आवाज, चाल आणि एखाद्या वस्त्राच्या जोरावर. रायरंद, म्हणजे बहुरूपीही तेच करत आला.

आता ‘तोंडाला काय लावायचं’. भाजण्याचा फोम लेटेक्स हौशी संघाने करू नये. त्याला वेगळा ओव्हन, अचूक वजनं आणि स्थिर हवामान लागतं. द्रवरूप लेटेक्सचा तुकडा जमण्यासारखा आहे. आधी चेहऱ्याचा साचा घ्यायचा. दातांच्या साहित्याच्या दुकानात मिळणारं अल्जिनेट (पाण्यात कालवायची साच्याची पूड), फक्त चेहऱ्याच्या पुढच्या भागाला साधारण अर्धा किलो. भुवया, पापण्या आणि मिशीला व्हॅसलीन लावायचं, नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या आणि त्यांवर लक्ष ठेवायला एक माणूस नेमायचा. अल्जिनेट किती वेळात घट्ट होतं हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी घेतलं तर ते वाटीतच घट्ट होतं, चेहऱ्यावर पोहोचतच नाही. माठातलं किंवा फ्रिजमधलं पाणी घ्यावं. वरून प्लास्टर बँडेजचे तीन-चार थर द्यायचे, नाहीतर साचा उचलताना वाकतो. काढल्याबरोबर आत प्लास्टर ओतायचं, कारण अल्जिनेट सुकून आकसतं. तासभर ठेवलं तर नाक बारीक होतं आणि तुकडा बसत नाही.

त्या प्लास्टरच्या चेहऱ्यावर मातीने हवा तो आकार द्यायचा, कडा शून्यापर्यंत उतरवायच्या, त्याचा उलटा साचा घ्यायचा. साचा पूर्ण वाळला की आत लेटेक्सचे सहा ते आठ पातळ थर द्यायचे. प्रत्येक थर दुधाळ रंग जाऊन पिवळसर पारदर्शक झाल्यावरच पुढचा. कडेला दोनच थर. घाई करून जाड थर दिला तर वरची साय धरते आणि आत ओलं राहतं. तो तुकडा ओढताना फाटतो. वाळल्यावर पावडर मारूनच सोडवायचा, नाहीतर लेटेक्स स्वतःलाच चिकटतं. काम उघड्या खिडकीजवळ करावं, अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. ज्याला लावायचं त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला आदल्या दिवशी थेंबभर लावून बघावं, कारण रबराची ॲलर्जी असणारे लोक असतात आणि ती कधी गंभीर होते.

चिकटवताना स्पिरिट गमचा पातळ हात द्यावा, चिकट होईपर्यंत थांबावं आणि मध्यापासून कडेकडे दाबत जावं. उन्हाळ्यात त्याला घाम सोडवतो. पहिल्यांदा सुटते ती वरच्या ओठाची आणि नाकाच्या पाळीजवळची कड, कारण तिथे बोलताना त्वचा सर्वांत जास्त हलते. पात्र ठरवतानाच ओठ मोकळे ठेवले तर अर्धी कटकट जाते. ॲक्रिलिकचा वैद्यकीय गोंद घामात जास्त टिकतो, पण महाग पडतो. रंगासाठी नेहमीची तेलकट स्टिक लेटेक्सवर वापरू नये. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. एरंडेलात कालवलेला रंग चालतो.

तुकडा तयार झाल्यावर नटाने तो लावून किमान चार-पाच तालमी कराव्यात, आणि त्यात आवाजाकडे विशेष लक्ष द्यावं. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. कान झाकलेला नट वाक्याच्या शेवटी आवाज सोडतो आणि ‘मी त्याला मारलं नाही’मधलं ‘नाही’ मुखवट्यातच राहतं. दिग्दर्शकाने शेवटच्या रांगेत बसून फक्त क्रियापदं ऐकावीत.

प्रयोगानंतर तुकडा ओढून काढू नये. रिमूव्हर ब्रशने कडेखाली घालत, गोंद विरघळू देत सावकाश सोडवावा. पापण्यांजवळ कापसाची घडी धरावी. मग साबण, पाणी आणि खोबरेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोग असेल आणि गालावर लाली उरली असेल, तर त्या जागी गोंद लावू नये. तुकडा तेवढा मोकळा ठेवून बाकीच्या कडांवर धरावा.