माती तपासायची कुठे आणि नासली असेल तर तक्रार कुठे?

कोकणातल्या लोटे-परशुराम, महाड, रोहा, तारापूर या औद्योगिक वसाहतींच्या आसपास एक गैरसमज सर्रास दिसतो: मृदा आरोग्य पत्रिका काढली की माती प्रदूषित आहे का, ते कळेल. तसं होत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या या पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. शिसं, पारा, कॅडमियम यांचा त्यात पत्ता नाही. म्हणून दारं दोन आहेत.

पहिलं दार कृषी विभागाचं. पत्रिकेसाठी किमान क्षेत्राची अट नाही. दोन गुंठ्यांचं खाचर असलं तरी चालतं. सातबारा, आधार, मोबाइल नंबर आणि गट नंबर, आधीचं व पुढचं पीक लिहिलेली चिठ्ठी एवढं घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) गाठा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर पंधरा रुपयांत निघतो. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, ही रडकथा घरोघरची. पत्रिका मालकीचा पुरावा नसते, हे भाऊबंदांना आधीच सांगितलेलं बरं.

खरी गोम नमुन्यात आहे. भात कापल्यावर, शेणखत पडायच्या आधी, आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही'सारखे वीतभर खोल खड्डे काढा. त्यांच्या कडेची माती खरवडून एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं अर्धा किलो उरेपर्यंत करा आणि सावलीत वाळवा. राब भाजलेली (रोपांसाठी पालापाचोळा जाळलेली) जागा, बांध, उकिरडा, झाडाची सावली टाळा. राखेमुळे सामू चढतो आणि आपली आंबट जांभी माती कागदावर उगाच गोड दिसते. खताच्या रिकाम्या गोणीत नमुना भरायचा नाही, हे सांगूनही लोक भरतात! कलमांच्या बागेत वरची एक फूट माती वेगळी आणि त्याखालच्या दुसऱ्या व तिसऱ्या फुटाची वेगवेगळी घ्या. खाजण, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचा नमुना उन्हाळ्यात घेतलेला चांगला; तेव्हा मीठ वर आलेलं असतं, पावसानंतर ते धुऊन खाली जातं. क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरवर गेली की जमीन खारवट समजतात. मग आधी बांधबंदिस्ती बघायची, खताचं नंतर.

दुसरं दार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. चिपळूण, महाड आणि तारापूर इथे त्याची उपप्रादेशिक कार्यालयं आहेत. तक्रार कोणीही करू शकतो. साध्या कागदावर अर्ज करा. गट नंबर, सांडपाणी कुठल्या वहाळातून आलं, तारीख-वेळेसह फोटो, पिकाच्या नुकसानीचा पंचनामा आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. सगळं सक्तीचं नाही, पण फाइल जड असली की टेबलावर टिकते. पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

स्वतः पिशवीत भरून नेलेली माती कोर्टात उभी राहील या भरवशावर राहू नका. १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्यात मातीचा नमुना घ्यायचा अधिकार नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे: जागेच्या ताबेदाराला नोटीस, डबा सीलबंद, त्यावर सह्या, मगच प्रयोगशाळा. म्हणून अर्जातच 'अधिकृत नमुना घ्यावा' असं लिहा. जुलै २०२५ च्या दूषित स्थळांविषयीच्या नियमांनंतर संशयित जागांची यादी करणं जिल्हा प्रशासन व स्थानिक संस्थेकडे आलं आहे. तेव्हा तक्रारीची प्रत जिल्हाधिकाऱ्यांनाही द्या.

तरीही हललं नाही, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पुण्यातलं खंडपीठ आहे. तिथे साधारण वाद प्रकार घडल्यापासून सहा महिन्यांत न्यावा लागतो, नुकसानभरपाईचा दावा पाच वर्षांत. सबळ कारण दाखवलं तर दोन्हींत साठ दिवसांची सवलत मिळू शकते.