खड्याआधी नळी: मुतखड्याच्या शस्त्रक्रियेत स्टेंट कुठून आला

बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) काय किंवा मडगाव-म्हापशाच्या खाजगी इस्पितळांत काय, मुतखड्याच्या अनेक रुग्णांना सांगितले जाते, 'आधी स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी) घालू, दोनेक आठवड्यांनी लेझर करू.' घरचे बुचकळ्यात पडतात. खडा आहे तिथेच आहे, मग एकदा भूल देऊन नुसती नळी कशाला? पेडण्याहून किंवा काणकोणहून रोजंदारी बुडवून येणाऱ्याने हे विचारलेच पाहिजे.

मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणारी मूत्रवाहिनी साधारण 25 सेंटिमीटर लांब आणि जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंद. त्यातही ती तीन ठिकाणी आवळलेली असते. खडा अडकतो तो बहुधा तिथेच. 1967 साली झिमस्काइंड आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून सिलिकॉनची नळी आत सरकवून ती दीर्घकाळ ठेवता येते हे दाखवले. पण सरळ नळी जागेवर राहीना. कधी खाली मूत्राशयात उतरे, कधी वर सरके. 1978 मध्ये रॉय फिनी यांनी दोन्ही टोकांना वळण असलेली नळी मांडली, तीच आजची डीजे, म्हणजे डबल-जे स्टेंट. बारीक तारेवर ओवून ती सरळ करून आत ढकलतात. तार काढली की टोके आपसूक वळतात, एक मूत्रपिंडात, एक मूत्राशयात. एक्स-रेमध्ये तिची पांढरी रेघ आणि दोन्हीकडची वळणे स्पष्ट दिसतात.

तेव्हा तिचे काम एकच होते, तुंबलेली लघवी वाहती करणे. ते आजही सर्वांत महत्त्वाचे. खड्याने वाट बंद झाली आहे आणि वर पू होऊन थंडीताप भरला आहे, अशा वेळी आधी निचरा करायचा, खड्याला नंतर हात लावायचा. तिथे तडजोड नाही, जिवाशी गाठ असते.

शस्त्रक्रियेची तयारी म्हणून स्टेंट घालणे ही नंतरची गोष्ट. 1976 मध्ये स्टॉकहोमला फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतून छिद्र पाडून खडा काढला. 1980 मध्ये म्युनिकला शॉकवेव्हने, म्हणजे शरीराबाहेरून सोडलेल्या धक्कालहरींनी, पहिल्या रुग्णाचा खडा फोडला गेला. पुढे वाकणाऱ्या बारीक दुर्बिणी आल्या, 1990च्या दशकात खडा फोडणारा होल्मियम लेझर आला आणि लघवीच्या वाटेनेच थेट मूत्रपिंडापर्यंत जाता येऊ लागले. आता अडचण रुंदीची. दुर्बीण वारंवार आत-बाहेर करायला जी बाह्यनळी घालतात, तिची बाहेरची जाडी पुष्कळदा साडेचार मिलिमीटरच्या वर जाते. जोर लावला तर भिंत फाटते. तापामुळे ज्यांना आधी स्टेंट पडला होता, त्यांची मूत्रवाहिनी मात्र काही दिवसांत सैल झालेली असे आणि दुर्बीण सहज जाई. निचऱ्याची नळी अशी वाट रुंद करणारी नळी झाली.

2013 मध्ये ट्रॅक्सर आणि थॉमस यांनी 359 रुग्णांचा अभ्यास मांडला. बाह्यनळीमुळे जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या मूत्रवाहिनीला इजा दिसली, सुमारे 13 टक्क्यांत ती गंभीर होती. आधी स्टेंट असलेल्यांत गंभीर इजेचा धोका सातपट कमी होता.

मग सगळ्यांनाच का घालू नये? कारण स्टेंट अंगात असताना त्रास होतो. सारखी लघवीला लागते, जळजळते, चालले-फिरले की लघवी लालसर होते, लघवी करताना कुशीत कळ जाते. म्हणूनच अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या 2016च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सरसकट आधी स्टेंट घालू नये. मला हेच पटते. आधी थेट प्रयत्न करावा. दुर्बीण जात नसेल तर रेटू नये, स्टेंट ठेवून बाहेर यावे. त्यात डॉक्टरचे अपयश नाही, पण ही शक्यता रुग्णाला संमतीपत्रावर सही घेण्याआधीच सांगायला हवी.

पाठीतून करायच्या शस्त्रक्रियेत सुरुवातीला जी नळी घालतात ती मात्र डीजे नव्हे, बहुधा साधा कॅथेटर (दोन्ही टोकांना वळणे नसलेली तात्पुरती नळी) असते. त्यातून औषध सोडून मूत्रपिंड एक्स-रेवर दिसते केले जाते आणि ती सहसा एक-दोन दिवसांत निघते. तिची आणि डीजेची गल्लत फार होते.

डीजे मात्र मुद्दाम जाऊन काढावी लागते. चतुर्थी आटपू दे, मग बघू, असे म्हणत काढायचे राहून गेले तर महिन्यांगणिक तिच्यावर क्षारांचा थर चढतो. मग ती ओढून निघत नाही. वरचा आणि खालचा थर आधी लेझरने फोडावा लागतो, कधी पाठीतूनही जावे लागते.