भाता थांबवून पाहताना

धुळ्यावरून मुंबई-आग्रा महामार्ग जातो आणि जळगाववरून सुरत-नागपूर. या दोन्ही रस्त्यांवर डोक्याला मार लागलेली माणसं खानदेशातल्या दवाखान्यांत वरचेवर येतात. काहींचा मेंदू पुन्हा जागा होत नाही. मग अतिदक्षता विभागाच्या दाराशी एक वाक्य ऐकू येतं, "छाती त हाली ऱ्हायनी ना साहेब!"

आणि छाती हलत असते हे खरंच. पण व्हेंटिलेटर म्हणजे लोहाराचा भाता. तो चालू आहे तोवर छाती वर-खाली होणारच. ती हालचाल माणसाची की यंत्राची, हे ठरवायला भाता थोडा वेळ थांबवावा लागतो. हीच ॲप्निया टेस्ट, मेंदूमृत्यूच्या निदानातली शेवटची आणि सगळ्यात नाजूक तपासणी.

लहानपणी विहिरीत मारलेली बुडी आठवा. तळाशी असताना एका क्षणी छाती आतून धडका मारू लागते, वर यावंच लागतं. ही धडक मुख्यतः ऑक्सिजन संपल्याची नसते, रक्तात साचलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते. मेंदूचा देठ (ब्रेनस्टेम) तो वायू मोजत असतो आणि वाढला की श्वासाचा हुकूम सोडतो. एरवी रक्तातला त्याचा दाब पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटर असतो. भाता थांबला की तो मिनिटाला साधारण ३ ने चढतो. ६० पर्यंत जाऊनही श्वासाची एकही धडपड दिसली नाही, तर देठ बंद पडला आहे असं समजायचं. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात किंवा बिडीवर फुप्फुसं खराब झालेल्यांचा हा आकडा मुळातच चढा असतो. त्यांच्या बाबतीत नेहमीच्या पातळीपेक्षा निदान २० ने तरी वाढ व्हावी लागते.

जुनी रीत सोपी होती. व्हेंटिलेटर काढायचा, श्वासनळीत बारीक नळी सोडून मिनिटाला सहा लिटर ऑक्सिजन द्यायचा आणि आठ-दहा मिनिटं बघत राहायचं. धोका इथेच आहे. यंत्राचा दाब गेला की वायुकोश ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखे आतून चिकटतात, मग ऑक्सिजन घसरतो. साचलेल्या वायूने रक्त आम्लधर्मी होतं, रक्तदाब पडतो, हृदयाची लय बिघडू शकते. नळी जाड असली आणि हवेला बाहेर पडायला वाट उरली नाही, तर फुप्फुस फाटून छातीत हवा साठते. जो माणूस अजून मृत ठरलेला नाही, त्याला तपासणीनेच इजा व्हावी हे मला कधीच पटलेलं नाही.

सुरक्षित रीतीत दाब पूर्ण सोडतच नाहीत. आधी किमान दहा मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन देतात. मग टी-पीसला, म्हणजे टी आकाराच्या जोडनळीला, पीप व्हॉल्व्ह (फुप्फुसांत थोडा दाब राखणारी झडप) जोडून ऑक्सिजन चालू ठेवतात. वायुकोश उघडे राहतात, पण श्वास कुणी भरत नाही. हा व्हॉल्व्ह काही मोठ्या खर्चाची वस्तू नाही, तालुक्याच्या अतिदक्षता विभागातही ठेवता येतो. व्हेंटिलेटर न काढता त्याच्याच सीपॅप मोडवरही (श्वास न भरता नुसता दाब राखणाऱ्या) तपासणी होते, मात्र श्वास थांबला की आपोआप सुरू होणारा बॅकअप आधी बंद करावा लागतो. शिवाय हृदयाच्या ठोक्याने किंवा नळीतल्या पाण्याने हवा हलली तरी यंत्र कधी कधी तिला श्वास समजतं. म्हणून पांघरूण बाजूला सारून छाती आणि पोट उघड्या डोळ्यांनी पाहायचं, स्क्रीनवर विसंबायचं नाही. वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला किंवा ऑक्सिजन ८५ टक्क्यांखाली राहिला, तर तिथेच थांबून व्हेंटिलेटर जोडायचा. मग मेंदूतला रक्तप्रवाह पाहणारी तपासणी करता येते.

त्याहूनही मोठी काळजी आधी घ्यायची असते. आपल्याकडे रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. दंशाची खूण कित्येकदा सापडतही नाही. सकाळी माणूस निपचित असतो, बाहुल्या प्रकाशाला दाद देत नाहीत, श्वास बंद. सगळं चित्र मेंदूमृत्यूचं, पण विषाने फक्त स्नायू लुळे पडलेले असतात. असे रुग्ण व्हेंटिलेटरच्या आधारावर काही दिवसांत उठून बसतात. कपाशीवरच्या फवारणीचं विष किंवा झोपेच्या औषधाचा अंमलही असाच फसवतो. म्हणून बेशुद्धीचं कारण पक्कं ठाऊक नसेल, अंग ३६ अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल किंवा औषधाचा अंमल उतरला नसेल, तर ही तपासणी करायचीच नाही.

भारतात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ या तपासण्या दोनदा करतं, मध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवून. माझं मत असं की घरच्यांची इच्छा असेल तर त्यांच्यातल्या एखाद्याला त्या वेळी खाटेजवळ उभं राहू द्यावं. "छाती हाली ऱ्हायनी" म्हणणाऱ्या आईला भाता थांबल्यावरची छाती स्वतः पाहू द्यावी. पण त्याआधी तिच्याशेजारी बसून एक गोष्ट सांगायला हवी. तपासणी चालू असताना पोराचा हात कधी कधी हलतो, क्वचित छातीकडेही येतो. ती हालचाल पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची असते, मेंदूची नसते. हात हलल्यावर हे सांगितलं तर ती विश्वास ठेवणार नाही, आणि तिचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.