संघर्षग्रस्त प्रदेशांतील उपचारांचा खर्च : देणगीच्या पैशाची वाटचाल

24 जून 1859 रोजी उत्तर इटलीतील सोल्फेरिनो येथे मोठी लढाई झाली आणि त्यानंतरचे काही दिवस जवळच्या कास्तिल्योने गावातील चर्चमध्ये, घरांमध्ये आणि रस्त्यांवर हजारो जखमी सैनिक पडून होते. कामानिमित्त तिथे आलेले जिनिव्हाचे व्यापारी आंरी द्युनां यांनी गावातील स्त्रियांच्या मदतीने दोन्ही बाजूंच्या जखमींची शुश्रूषा केली. या अनुभवावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकातून 1863 मध्ये पुढे रेडक्रॉस म्हणून ओळखली गेलेली समिती उभी राहिली, तर 22 ऑगस्ट 1864 रोजी पहिला जिनिव्हा करार झाला. युद्धग्रस्तांच्या उपचारांसाठी होणाऱ्या मदतीच्या प्रवासाचा आरंभ बहुतेक ठिकाणी असाच सांगितला जातो आणि तो बरोबरही आहे; मात्र तो करार केवळ सैन्यातील जखमी आणि आजारी सैनिकांपुरता होता. ज्यांच्या शेतांवरून ती सैन्ये गेली त्या कुटुंबांचा विचार त्यात नव्हता.

नागरिकांच्या संरक्षणाचा स्वतंत्र करार होण्यास 1949 साल उजाडावे लागले. त्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम 18 ने नागरी रुग्णालयांवर हल्ला करण्यास मनाई केली. एखादा प्रदेश ताब्यात घेणाऱ्या सत्तेवर तेथील वैद्यकीय सेवा चालू ठेवण्याची जबाबदारीही या कराराने टाकली. तथापि, यादवी युद्धात जिथे एकाही पक्षाकडे चालते सरकार उरलेले नसते, तिथे परिचारिकेचा पगार, जनित्राचे डिझेल आणि भुलीची औषधे यांसाठी पैसा कोठून आणायचा, याचे उत्तर अशा कलमांतून मिळत नाही. ती पोकळी प्रामुख्याने देणग्यांनी भरली.

अशा देणग्या केवळ श्रीमंत राष्ट्रांतूनच गेल्या असे नाही. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनसाठी 1938 मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, तेव्हा पारतंत्र्यातील भारतीयांनी त्यासाठी वर्गणी दिली होती. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्याच पथकातून गेले आणि 1942 मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

1967 ते 1970 या काळातील नायजेरियाच्या बियाफ्रा युद्धानंतर मदतीचे स्वरूप पालटले. तिथे काम केलेल्या फ्रेंच डॉक्टरांच्या पुढाकाराने 1971 च्या डिसेंबरमध्ये ‘मेदसाँ सां फ्रोंतिए’ (सीमा न मानणारे डॉक्टर) ही वैद्यकीय मदत संस्था स्थापन झाली. सामान्य व्यक्तींच्या लहान देणग्यांवर उभी राहणे हे तिचे वैशिष्ट्य ठरले. आज तिच्या उत्पन्नाचा 90 टक्क्यांहून अधिक भाग खासगी देणग्यांतून येतो. निर्वासितांविषयीच्या धोरणाचा निषेध म्हणून 2016 मध्ये युरोपीय संघाचा निधी नाकारणे तिला शक्य झाले, ते याच पायामुळे. बहुतांश खर्चासाठी सरकारांच्या ऐच्छिक अंशदानावर अवलंबून असलेल्या संस्थांना हे स्वातंत्र्य सहसा परवडत नाही.

डॉक्टर आणि औषधे पोचली म्हणून गरीब कुटुंबाचा प्रश्न मात्र सुटत नव्हता, कारण रुग्णालय गाठण्याचा गाडीखर्च, सोबत राहणाऱ्या नातेवाइकाचे जेवण आणि तेवढ्या दिवसांची बुडालेली मजुरी हा भार कुटुंबावरच राहत होता. त्यात 1987 मध्ये जागतिक बँकेने विकसनशील देशांना सरकारी आरोग्यसेवेसाठी रुग्णांकडून शुल्क घेण्याची शिफारस केली आणि अनेक गरीब देशांत उपचाराआधी पैसे भरणे हा नियम झाला.

याचा परिणाम आणि त्यावरचा तोडगा हे दोन्ही कंबोडियात स्पष्ट दिसतात. दीर्घ युद्ध आणि ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीतून बाहेर पडलेल्या या देशाने 1996 मध्ये सरकारी रुग्णालयांना शुल्क आकारण्याची मुभा दिली. त्यामुळे कर्मचाऱ्यांचे उत्पन्न थोडे सुधारले, पण ज्यांच्याकडे काहीच नव्हते ते दारातूनच परतू लागले किंवा जमीन विकून उपचार घेऊ लागले. 2000 च्या सुमारास सोतनिकुमसारख्या जिल्ह्यांत ‘आरोग्य समता निधी’ सुरू झाले. त्यात देणगीचा पैसा थेट रुग्णालयाला न देता तिसऱ्या संस्थेच्या हाती दिला जाई. गरीब रुग्ण कोण हे ती ठरवी, त्याचे शुल्क रुग्णालयात भरी आणि अनेक ठिकाणी प्रवासाचा व जेवणाचा खर्चही देई. परिणामी गरीब रुग्ण रुग्णालयाच्या दृष्टीने तोट्याचा राहिला नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक केलेली रचना हीच आहे, आणि पुढे सरकारनेही ती देशभर स्वीकारली.

त्याच देशात अगदी उलट वाटही चालली. स्विस बालरोगतज्ज्ञ बेआट रिशनर यांनी 1992 मध्ये नॉम पेन्ह येथील कांथा बोफा रुग्णालय पुन्हा सुरू केले आणि तिथे प्रत्येक मुलावर पूर्णपणे मोफत उपचार केले. त्यासाठी ते सिएम रीप येथे चेलोवादनाचे कार्यक्रम करीत आणि श्रोत्यांतील तरुणांकडे रक्त, तर वडीलधाऱ्यांकडे पैसा मागत. अशी महागडी व्यवस्था गरीब देशाला पेलणार नाही, ही टीका त्यांनी कधीच मान्य केली नाही.

अफगाणिस्तानात देणगीदारांच्या भूमिकेला आणखी मोठे वळण मिळाले. इटलीचे शल्यविशारद जिनो स्त्रादा यांच्या ‘इमर्जन्सी’ या संस्थेने 1999 मध्ये पंजशीर खोऱ्यातील अनाबा येथे युद्धजखमींसाठी रुग्णालय उघडले. 2003 मध्ये त्याच्या जोडीला प्रसूतिगृह सुरू करावे लागले. लढाईच्या छायेत राहणाऱ्या कुटुंबाला गोळीच्या जखमेइतकीच अडलेल्या बाळंतपणाची भीती असते, ही बाब देणगीदारांच्या लक्षात नेहमी उशिराच येते. त्याच वर्षी सरकारने मूलभूत आरोग्यसेवांचे एक प्रमाणित स्वरूप निश्चित केले आणि परदेशी पैशाच्या आधारे त्या चालवण्याचे कंत्राट स्वयंसेवी संस्थांना दिले. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबानच्या हाती सत्ता जाताच हा पैसा थांबला. तेव्हा आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने नोव्हेंबरपासून रुग्णालयांच्या कर्मचाऱ्यांचे पगार आणि चालू खर्च उचलण्यास आरंभ केला. अशा रुग्णालयांची संख्या 33 वर गेली. निधीच्या टंचाईमुळे हा आधार ऑगस्ट 2023 मध्ये संपला.

निर्वासितांच्या बाबतीत मदत अर्धवट असणे हाच अनेकदा नियम असतो. लेबनॉनमधील सीरियन निर्वासितांच्या जीवरक्षक उपचारांसाठी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था अनेक वर्षे साधारणपणे बिलाचा 75 टक्क्यांपर्यंत भाग देत असे. उरलेला भाग कुटुंबाने भरायचा. अतिदक्षता विभागात ठेवलेल्या नवजात बाळाच्या बिलात तो भागही मजुरी करणाऱ्या बापाला कर्जात बुडवण्यास पुरेसा असतो.

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत स्थगित केली, तेव्हा थायलंडच्या सीमेवरील म्यानमारच्या निर्वासितांच्या छावण्यांतील रुग्णालये बंद पडली. या छावण्या 1984 पासून आहेत आणि काही कुटुंबांची तिसरी पिढी तिथे जन्मली आहे. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांनाही घरी न्यावे लागले आणि अत्यवस्थ असलेल्यांपैकी काहींना जवळच्या थाई सरकारी रुग्णालयांत हलवण्यात आले.